दयेचा अर्ज

टेक्सासमध्ये पॅरोल मंडळाच्या शिफारशीविना राज्यपालाला फाशी रद्द करता येत नाही. आपल्याकडे पॅरोल म्हणजे कैद्याची तात्पुरती सुटका, एवढेच. दयेचा अर्ज घटनेच्या कलम १६१ नुसार राज्यपालांकडे, कलम ७२ नुसार राष्ट्रपतींकडे जातो. सल्ला मात्र मंत्रिमंडळाचा आणि कागद हलतात ते गृहखात्यात. किती सावकाश, ते पाहा. बालहत्याकांडातील गावित भगिनींना पंचगंगेपलीकडल्या कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ साली फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली. राष्ट्रपतींचा नकार आला २०१४ साली! दया नाकारली गेली खरी, परंतु या विलंबामुळेच मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फाशीची जन्मठेप केली. २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने केंद्राच्या शिफारशीस ६० दिवसांची मुदत घातली आहे. राष्ट्रपतींच्या निर्णयाला मुदत नाही.