दुबई म्हणजे नुसतं तेल? छे!

दुबई म्हटलं की काय आठवतं? बुर्ज खलिफा, मॉल, सोनं आणि रील्स. वर कट्ट्यावरचं एक ठरलेलं वाक्य, ‘तेल सापडल्यावर काय, कुणीही श्रीमंत होईल!’ पण दोस्तांनो, दुबईनं पहिली मोठी उडी मारली ती तेल सापडायच्या आधी.

शंभरेक वर्षांपूर्वी दुबई म्हणजे खाडीकाठचं छोटं बंदर. समुद्रातून मोती काढायचे आणि गलबतांतून मालाची ने-आण करायची, हाच मुख्य धंदा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या शेखांनी जकात माफ केली आणि समोरच्या इराणी किनाऱ्यावरचे व्यापारी बिऱ्हाडासकट इकडे आले. बाजारात नाणं चालायचं ते भारतीय रुपयाचं!

१९३० च्या सुमारास जपानचे कल्चर्ड मोती आले, त्यात जागतिक मंदी. मोत्यांचा धंदा बसला. पुढे खाडीही गाळानं भरत चालली. तेव्हा शेख राशिद यांनी कर्ज काढून ती खोल करून घेतली. खिशात तेलाचा एक पैसा नसताना! तेल मिळालं १९६६ मध्ये, तेही अबूधाबीच्या मानानं थोडंच. ते संपणार हे ओळखून पैसा बंदरांत घातला. १९७२ मध्ये पोर्ट राशिद, १९७९ मध्ये जेबेल अली. १९८५ मध्ये जेबेल अलीला फ्री झोन झाला, जिथे परदेशी कंपनीला स्थानिक भागीदार लागत नाही. त्याच वर्षी भाड्याच्या विमानांवर एमिरेट्स सुरू झाली. सुरुवातीच्या ठिकाणांत आपली मुंबईही होती.

१९६० च्या आसपास साधारण ४० हजार वस्ती असलेलं हे गाव आज ३५ लाखांच्या पुढे गेलंय. त्यातले बहुतेक जण बाहेरून आलेले.

आता दुसरी बाजू. हे टॉवर बांधले कुणी? भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळमधून गेलेल्या मजुरांनी. एजंटचं कर्ज डोक्यावर आणि व्हिसा मालकाच्या हातात. नियम आता सुधारलेत, भर उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरचं काम बंद असतं. पण नोकरी गेली की बहुतेकांना मुदतीत दुसरी शोधावी लागते, नाहीतर बॅग भरावी लागते. २००९ च्या मंदीत तर खुद्द दुबईच कर्जात अडकली आणि अबूधाबीनं १० अब्ज डॉलर देऊन सावरली.

तेव्हा ‘दुबईला जॉब लावतो’ असं कुणी म्हणालं तर हुरळून जाऊ नका. एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा, करार वाचल्याशिवाय सही करू नका. आणि तिथे पोचल्यावर पासपोर्ट स्वतःकडेच ठेवा. मालकानं तो काढून घेणं तिथल्या कायद्यातही बसत नाही.