डिलिव्हरी ॲपवर काम करताना तुमचा बॉस कोण असतो?

माझा एक शाळेतला मित्र फूड डिलिव्हरी करतो. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी त्याने ॲप उघडलं, तर आयडी ब्लॉक! चॅटवर कारण विचारलं, तर तेच ते रेडिमेड उत्तर. भांडायला समोर माणूसच नाही. आयडी परत सुरू होईपर्यंत चार दिवसांची कमाई बुडाली.

नीती आयोगाच्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते. तुम्हीही हे काम करायचा विचार करत असाल, तर ॲप कसं चालतं ते आधी समजून घ्या.

ऑर्डर कोणाला मिळते?

तुम्ही ऑनलाइन असताना तुमचं लोकेशन सतत सर्व्हरला जात असतं. ऑर्डर आली की सॉफ्टवेअर बघतं : हॉटेलच्या जवळ कोण आहे, जेवण किती वेळात तयार होईल, कोणाकडे आधीच ऑर्डर आहे. ग्राहकांचं रेटिंग आणि तुम्ही नाकारलेल्या ऑर्डर्स यांचाही हिशोब ठेवला जातो. कशाला किती महत्त्व द्यायचं हे कंपनी ठरवते. नियम असतात, फक्त ते तुम्हाला दिसत नाहीत.

इन्सेंटिव्हचं गणित

'अजून दोन ऑर्डर करा, बोनस मिळवा' असा मेसेज आला की घरी निघालेला माणूसही थांबतो. गेममध्ये पुढची लेव्हल दिसत राहते ना, तसंच. म्हणून दिवसाची कमाई बघू नका, तासाची काढा.

समजा, १० तासांत ९०० रुपये मिळाले आणि गाडी १२० किमी फिरली. पेट्रोलचे साधारण २८० रुपये गेले. सर्व्हिसिंग आणि टायरचे दिवसाला २० रुपये धरा. उरले ६००, म्हणजे तासाला ६० रुपये.

कायदा काय म्हणतो?

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग कामगाराची व्याख्या आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची, अशी तरतूद त्यात आहे. पण आयडी ब्लॉक झाला तर काय? कर्नाटकाने २०२५ च्या आपल्या कायद्यात काम बंद करण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस बंधनकारक केली आहे. माझ्या मित्राला नेमकं हेच हवं होतं.

तुम्ही काय कराल?

• ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा.
• रोजची कमाई, किलोमीटर आणि रेटिंगचे स्क्रीनशॉट ठेवा. वाद झाला तर तेवढाच पुरावा तुमच्या हातात असतो.
• एकाच ॲपवर पूर्ण घर चालवू नका.

ॲप वाईट आहे असं नाही. मित्र आजही तेच काम करतो. फक्त आता रात्री झोपण्याआधी तो स्क्रीनशॉट काढून ठेवतो.