रात्रीच्या मुक्कामाचे राखणदार

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीत मुक्कामी येते, तेव्हा गाव रात्रभर जागे असते. पुढे काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, सणसरचा मुक्काम, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी आणि मग इंदापूर. दिवसाच्या वाटचालीची काळजी सगळेच घेतात. रात्र मात्र बरेचदा पांडुरंगाच्या भरवशावर सोडली जाते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मुक्कामी मी विद्यार्थी स्वयंसेवकांबरोबर होतो. मध्यरात्री एक बाई घाबरून आमच्याकडे आल्या. शौचालयाकडे जाताना अंधारात कोणीतरी त्यांच्या मागे लागला होता. आमच्यातला एक मुलगा पटकन बोलून गेला, "मावशी, एवढ्या रात्री एकट्या कशाला गेलात?" बाई काही न बोलता परत फिरल्या. मुलगा वाईट नव्हता. मीच त्याला पाणी वाटायला, रांग लावायला शिकवले होते. ऐकून घ्यायला शिकवले नव्हते.

तेव्हापासून पालखीच्या आधी एक दिवस मी मुलांना यासाठीच बसवतो. पहिला धडा पहिल्या वाक्याचा. "बसा मावशी, काय झालं? कोणाला बोलावू?" त्यांना एकटे सोडायचे नाही, दिंडीपर्यंत पोचवायचे, आणि त्यांना न विचारता गवगवा करायचा नाही. कोणी पाठलाग करताना दिसला, तर दोघांनी त्या बाईंजवळ जाऊन बोलत उभे राहायचे, हाणामारी नाही. गरज पडली तर ११२ क्रमांक फिरवायचा. घटना कोणत्याही हद्दीतली असो, गुन्ह्याची तक्रार जवळच्या पोलिस ठाण्यात देता येते, हेही सांगायचे.

दुसरा धडा पायांचा. अंधार पडल्यावर मुक्कामाची जागा फिरून पाहायची. दिवा कुठे नाही? वाट कुठे अरुंद होते? २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक भाविक गेले. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि दुकानांनी आवळलेली वाट, या गोष्टी आधी दिसण्यासारख्या होत्या.

'हे काय शिकवायचे असते?' असे लोक विचारतात. इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये २०१६ साली एक मोहीम सुरू झाली. मद्यगृहात एखादीला असुरक्षित वाटले, तर तिने 'अँजेला आहे का?' एवढेच विचारायचे. खूण ओळखून नोकरवर्ग तिला सुखरूप बाहेर काढतो. पण नोकरांना शिकवलेच नसेल, तर 'अशी कोणी इथे नाही' एवढेच उत्तर मिळणार! खूण कामी येते ती शिकवलेल्या माणसामुळे.

आपल्याकडे यात्रा आहेत, तमाशाचे फड आहेत, रात्री उशिरापर्यंत चालणारे ढाबे आहेत. तिथल्या प्रत्येकाने पहिले वाक्य तेवढे शिकून घ्यावे. त्या रात्री परत फिरलेल्या मावशींना पुन्हा बोलावणे आता शक्य नाही. पुढच्या मावशी येतील, तेव्हा त्यांना बसायला सांगणारे कोणीतरी तिथे असायला हवे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)