एकाच कानाने कमी ऐकू येते तेव्हा

उजनीच्या काठावर कानाच्या तक्रारीला फारशी किंमत दिली जात नाही. कंदर-केत्तूरकडे उसाच्या आणि केळीच्या रानात ट्रॅक्टर, टेंभुर्णीला पुणे-सोलापूर हायवेचे हॉर्न. अब्बांना कमी ऐकू येऊ लागले की 'वय झाले' म्हणून विषय मिटतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण वयाचा बहिरेपणा सहसा दोन्ही कानांवर सारखाच येतो. एकाच कानाचे ऐकणे घटत गेले, त्याच कानात शिट्टी वाजत राहिली, फोन नकळत दुसऱ्या कानाला लागू लागला, अजान ऐकू येते पण कोणत्या बाजूने ते कळत नाही, तर आपण थांबून विचार करावा.

अशा थोड्याच जणांच्या नसेवर गाठ निघते. वर्षाला लाखात एक-दोघांना. डॉक्टर तिला अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात. ती कॅन्सरची नसते. बहुधा वर्षाला एक-दोन मिलिमीटरने वाढते, काही तर वर्षानुवर्षे तशाच राहतात. ती उगवते तोल सांभाळणाऱ्या नसेवर. खरी अडचण शेजाराची आहे. कानामागच्या हाडात जेमतेम एक सेंटिमीटरचा बोगदा आहे, आणि त्यातूनच ऐकण्याची व चेहरा हलवणारी नस जाते.

चेहऱ्याची नस दुखावली तर डोळा मिटत नाही, ओठ एका बाजूला ओढला जातो, वुजू करताना कुल्लीचे पाणी तोंडात थांबत नाही. म्हणून ऑपरेशनच्या वेळी चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक सुया बसवतात. नसेला धक्का लागला की यंत्र आवाज करते आणि सर्जन हात आवरतो. कानातही सतत टिकटिक ऐकवून मेंदूपर्यंत ती पोहोचते का, हे पाहिले जाते. एवढे करूनही ऐकणे जाऊ शकते, कारण आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी फार नाजूक असते.

गाठ दीड सेंटिमीटरच्या आत असेल आणि ऐकणे बऱ्यापैकी शाबूत असेल तर ते वाचण्याची आशा बरी असते. मोठ्या गाठीत ती फार कमी. कानाच्या आतल्या भागातून जाणाऱ्या ऑपरेशनमध्ये तर ते ऐकणे सोडूनच द्यावे लागते. गाठीचा पातळ थर नसेला चिकटला असेल तर काही सर्जन तो मुद्दाम ठेवतात आणि पुढे एमआरआय करून लक्ष ठेवतात. 'गाठ पूर्ण काढली नाही' म्हणून नातेवाईक नाराज होतात. आम्हाला मात्र यात शहाणपण दिसते. लहान गाठीवर नुसते लक्षही ठेवता येते. काहींना गॅमा नाईफने किरणे देतात, ती सोय मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आहे.

सुरुवात मात्र साध्या तपासणीने होते. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री करून घ्यावी. दोन कानांत फरक निघाला तर एमआरआय. सर्जनला विचारावे: गाठ किती मिलिमीटरची? अशी ऑपरेशने आपण किती केलीत? चेहऱ्याची नस तपासणारे यंत्र लावणार का? ऐकणे वाचवायचा प्रयत्न होणार, की ते सोडणार? खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे का, हे आधी पाहावे. घरी आल्यावर डोळा मिटत नसेल तर दिवसा थेंब, रात्री मलम लावून पापणी पट्टीने बंद ठेवावी. चेहरा सुधारायला वर्षभरही लागते. रस्ता ओलांडताना सोबत असावे, कारण एका कानाने गाडी कुठून येते ते कळत नाही.