मेकॅनिकचे वेतन : प्रदेश आणि वर्गवारी

मेकॅनिकला पगार किती मिळतो, या प्रश्नाला देशभर लागू पडेल असे एक उत्तर नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्यापासून चालत आलेल्या पद्धतीनुसार खाजगी गॅरेजमधील किमान दर राज्य सरकार ठरवते; रेल्वे, खाणी, केंद्राच्या अखत्यारीतील बांधकामे यांचे दर केंद्र सरकार. केंद्राच्या दरांसाठी देशाचे अ, ब, क असे भाग पाडले आहेत. मुंबई, दिल्ली 'अ' मध्ये येतात.

परंतु प्रदेशाइतकाच फरक वर्गवारीने पडतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून 'अ' क्षेत्रातील बांधकामांवर केंद्राचा किमान दर अकुशल कामगारास दिवसाला 783 रुपये आणि कुशल कामगारास 954 रुपये होता. 26 दिवसांच्या महिन्याला हा फरक 4,446 रुपये होतो. आता तेथील यंत्रे दुरुस्त करणाऱ्या मुलाची हजेरीपटावर 'हेल्पर' म्हणून, अकुशल वर्गात नोंद झाली असे समजा. काम मेकॅनिकचे, पण एवढी रक्कम दरमहा बुडते. (वर्षानुवर्षे 'हेल्पर'च राहिलेली माणसे गॅरेजांतही भेटतात.) अशा वेळी दाखवायला आयटीआयचे प्रमाणपत्र असले तर कौशल्याचा दावा मांडणे सोपे जाते.

दोन शहरांतील पगारांची तुलना करताना आकड्यातून आधी खोलीभाडे वजा करावे. घरी राहून तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या मेकॅनिकच्या हाती, कमी पगार असूनही, महानगरातल्यापेक्षा जास्त उरू शकते.