चिखलातली पिकअप आणि दात्यांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात उल्हासनगरच्या एका गॅरेजमध्ये आम्ही एक जुनी पिकअप खोललेली पाहिली. क्लचप्लेट जळून काळी पडली होती. ही गाडी बदलापूरपलीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर रेशन, सिमेंट, भाजी यांची ने-आण करी. रात्री-अपरात्री आजारी माणसाला खाली आणायचे तरी तीच. मालकाचा आग्रह होता, ‘इंजिन मोठं टाका, टायरही मोठे टाका.’ मिस्त्री म्हणाला, ‘आधी दाते मोजा.’

हा दात्यांचा हिशेब आठवी-नववीच्या मुलांना सहज समजावता येतो. वर्गात एक सायकल उलटी ठेवा आणि पुढच्या व मागच्या चक्राचे दाते मोजायला सांगा. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती फिरते, हे भागाकाराने कळते. सायकलमध्ये आपण जोर देऊन वेग मिळवतो. मोटारीत याच्या उलट घडते. इंजिन वेगाने फिरते, पण त्याचा फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, त्या मानाने थोडा असतो. लहान दंतचक्राने मोठे चक्र फिरवले की फेरे घटतात आणि त्याच प्रमाणात टॉर्क वाढतो. थोडासा भाग घर्षणात जातो, एवढेच.

समजा, पिकअपच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ आणि मागच्या क्राऊन-पिनियनचेही ४ आहे. दोन्हींचा गुणाकार १६. म्हणजे इंजिनाचे १६ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असेल आणि चाकाचा परीघ सव्वादोन मीटर असेल, तर गाडी ताशी सुमारे ८.४ किलोमीटर धावेल. पण दगडगोट्यांच्या चढावर माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी चारच्या आसपास जायला हवे. मग चालक काय करतो? क्लच अर्धवट दाबून धरतो. प्लेट घसरत राहते, घर्षणाने तापते आणि जळते. याचा अर्थ, इंजिन कमी पडत नव्हते. गुणाकार कमी पडत होता.

याचे नामांकित उदाहरण जीपचे आहे. उल्हासनगर ज्या कल्याणच्या लष्करी छावणीवर वसले, ती दुसऱ्या महायुद्धातली. त्याच युद्धात, १९४१ मध्ये, विलिस कंपनीची एमबी जीप आली. तिला ट्रान्सफर केस नावाची जादा गिअरपेटी होती. पहिला गिअर २.६७, ट्रान्सफर केस १.९७ आणि क्राऊन-पिनियन ४.८८ यांचा गुणाकार सुमारे २५.६ होतो. युद्ध संपताना, १९४५ मध्ये, कंपनीने शेतीसाठी सीजे-२ए जीप काढली. इंजिन तेच ६० अश्वशक्तीचे ठेवले आणि बदलले ते दाते. नवा गुणाकार सुमारे ३६ झाला. वरच्याच चाकाचा हिशेब लावला, तर १,००० फेऱ्यांना युद्धाची जीप ताशी ५.३ किलोमीटर जाईल आणि शेतीची ३.८. नांगरामागून माणूस चालू शकेल अशी ही चाल! पुढे विलिसच्या जीपा महिंद्र कंपनीने मुंबईत जोडायला घेतल्या.

आता मोठ्या टायरचे पाहू. २८ इंच व्यासाच्या जागी ३१ इंची टायर घातला, तर जमीन व गाडीचा तळ यांतले अंतर दीड इंच वाढते. पण एका फेऱ्यात गाडी ११ टक्के अधिक सरकते. जुन्या १६ चा परिणाम १४.५ एवढाच उरतो, म्हणजे क्लचवरचा ताण उलट वाढतो. ब्रेकची पकड त्याच प्रमाणात घटते. प्रत्यक्ष वेग ६० असताना काटा ५४ दाखवतो.

मग चिखलात गाडी का रुतते? दोन्ही मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल असते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देण्यासाठी ते लागते, पण ते दोन्ही चाकांना टॉर्क सारखाच वाटते. टेबलावर एक फूटपट्टी आडवी ठेवा. तिच्या एका टोकापुढे रिकामी काडेपेटी आणि दुसऱ्या टोकापुढे जाड शब्दकोश ठेवून पट्टी मधोमध पेन्सिलीने ढकला. काडेपेटी सरकते, शब्दकोश जागचा हलत नाही. चिखलातले चाक म्हणजे ती काडेपेटी. ते गरगर फिरते आणि खडकावरच्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. पट्टी तिरकी होऊ दिली नाही, तर शब्दकोशही सरकेल. डिफरन्शियल लॉक नेमके हेच करते. मात्र तो डांबरी रस्त्यावर लावलेला राहिला, तर वळताना टायर फरफटतात.

आणखी एक गोष्ट. टॉर्क जिथे वाढवला, तिथपासून पुढच्या सगळ्या भागांवर ताण वाढतो. जादा गिअरपेटीने टॉर्क दुप्पट केला, तर प्रोपेलर शाफ्ट, क्राऊन-पिनियन आणि चाकाचे शाफ्ट या सर्वांना तो सोसावा लागतो. तोच वाढीव टॉर्क क्राऊन-पिनियनमध्ये मिळवला, तर प्रोपेलर शाफ्टवर जादा भार येत नाही. म्हणून जाणता मिस्त्री विचार जमिनीपासून सुरू करतो: आधी टायरची पकड, मग चाकाचे शाफ्ट, मग क्राऊन-पिनियन, इंजिन सर्वांत शेवटी.

त्या मिस्त्रीचा सल्ला असाच होता. टायर मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे घ्या आणि क्राऊन-पिनियन ४ ऐवजी ५ चे बसवा. गुणाकार २० होतो, ताशी ८.४ चे ६.८ होतात. क्लच थोडाफार घसरवावा लागेलच, पण पुष्कळ कमी. हमरस्त्यावरचा वेग पाचव्या हिश्शाने घटेल, ही त्याची किंमत.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. म्हणून कल्याणच्या आरटीओत आधी लेखी विचारून घ्या, असेही त्याने बजावले. विमा नाकारला गेला, तर अपघातात सापडलेल्याच्या हाती काय उरणार?

मालक थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने खिशातून कागद काढला आणि १६ चा गुणाकार स्वतः मांडून पाहिला.