कड्यावरून सोडलेला ड्रोन किती उंचीवर असतो?

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या काठावरून ड्रोन १० मीटर वर चढवला आणि सरळ दरीवर नेला, तरी रिमोटच्या पडद्यावर उंची १० मीटरच दिसत राहते. तो आकडा जिथून ड्रोन सोडला त्या जागेपासूनचा. ड्रोनखालची जमीन मात्र क्षणात शेकडो मीटर खाली गेलेली असते. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विनापरवानगी उडवायच्या हिरव्या क्षेत्राची मर्यादा १२० मीटर, म्हणजे ४०० फूट. त्याच्या वर पिवळं क्षेत्र, आणि तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. एक फूटही वर न चढता ड्रोन हिरव्यातून पिवळ्यात गेला!

‘डिजिटल स्काय’ या सरकारी नकाशावर हिरवा, पिवळा, तांबडा असे रंग भरलेले दिसतात, त्यामुळे आपण फक्त जागा बघतो आणि उंची विसरतो. विमानतळाजवळ हे विसरणं जास्त महागात पडतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात पिवळं क्षेत्र थेट जमिनीपासूनच सुरू होतं; त्याहून आत नियम आणखी कडक. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत मोकळीक आहे. म्हणजे पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या एवढ्या जवळ असलेल्या विमाननगरात किंवा कोरेगाव पार्कात, गच्चीवर दोन मीटर उडवायचा म्हटलं तरी परवानगी हवी.

हे अती वाटतं खरं, पण उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उताराने येतं, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५० मीटर खाली. ८ किलोमीटरवर ते ४०० मीटर उंच असतं, पण धावपट्टी २ किलोमीटरवर आली की जेमतेम १०० मीटर. हेलिकॉप्टरं तर कुठेही याहून खालून जातात, आणि वाऱ्याने भरकटलेला ड्रोन पट्ट्यांची हद्द पाळत नाही.

तांबड्या क्षेत्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथे केंद्र सरकारची परवानगी लागते; हौशी माणसाने तो नाद सोडावा.

‘माझा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला, मला नियम नाहीत’ हे मात्र सर्रास ऐकू येतं. हलक्या ड्रोनला वैमानिकाच्या प्रमाणपत्राची सूट आहे, क्षेत्रांची नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला भोक पाडलं ते अशाच वर्गातल्या ड्रोनने. आगीमुळे तिथे तात्पुरती उड्डाणबंदी होती आणि उडवणाऱ्याच्या नजरेतून ड्रोन केव्हाच निसटला होता.

तात्पुरती बंदी आपल्याकडेही येते. पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तांबडा ठरवू शकतो. मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश निघतात ते आणखी वेगळे. शिवाय हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. आकाश हिरवं असलं तरी वन खात्याला विचारावंच लागतं. ड्रोन कंपनीच्या ॲपने अडवलं नाही, याला तर काहीच अर्थ नाही. ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीने अमेरिकेत २०२५ मध्ये ही अडवणूक काढून नुसत्या सूचना ठेवल्या. तेव्हा निघायच्या दिवशी सरकारी नकाशा पुन्हा उघडावा, स्थानिक पोलीस ठाण्यात फोन करावा, आणि कड्यावर असाल तर ड्रोन पठारावरच फिरवावा.